आजचं चिंतन : थोडी गैरसोय जपून ठेवू या

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 18, श्लोक 36 ते 38. सोबत अध्याय 17, श्लोक 5, 6 आणि 14 ते 19.



आज आधी एक कबुली देतो, मग श्लोकाकडे वळू.

दोन वर्षांपूर्वी आमचे आप्पा घरात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पहिल्या रात्री त्यांच्याजवळ कुणीतरी थांबायचं होतं. थांबायला हवं होतं मीच. मी राहतो पिंपळे सौदागरला, तिथून दवाखाना गाडीवर वीस मिनिटं, आणि मुलगा मी एकटाच. मी रात्री अकरापर्यंत बसलो. खुर्ची प्लॅस्टिकची, पाठ टेकली की करकरणारी. बाजूच्या कॉटवरचे आजोबा सारखे खोकत होते. डास होते. मोबाइलची बॅटरी संपत आली होती. तेवढ्यात ताई राजगुरुनगरहून दोन बस बदलून पोचली. मी तिला म्हटलं, "ताई, उद्या सकाळी क्लायंट कॉल आहे गं. तू थांबशील का?"

ती थांबली. मी घरी आलो, एसी लावला आणि झोपलो.

सकाळी फोन केला तेव्हा ताई म्हणाली, "रात्री दोनदा तुला हाक मारली त्यांनी. मी सांगितलं, औषध आणायला खाली गेलाय."

कॉल खरंच होता. पण तो दहा वाजता होता.

माझं आप्पांवर प्रेम नाही असं अजिबात नाही. प्रेम आहेच. पण त्या प्रेमाला एका रात्रीची प्लॅस्टिकची खुर्ची पेलवली नाही. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला, आणि आजचं चिंतन त्याच प्रश्नावर आहे : सोयीची इतकी सवय झाली असेल, तर वेळ आल्यावर मी कुणाच्या उपयोगी पडणार?

गीता काय म्हणते?

अठराव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सुखाचे तीन प्रकार सांगतात. त्यातले दोन आपण आज बघू.

एक सुख असं, की सुरुवातीला ते अगदी विषासारखं कडू लागतं आणि शेवटी अमृत होतं. हे सात्त्विक सुख. दुसरं याच्या बरोबर उलट. इंद्रियांना त्यांचा विषय मिळाला की लगेच गोड लागतं, पण शेवट विषासारखा. हे राजस सुख. हे वर्णन सुरू होण्याआधी, छत्तिसाव्या श्लोकात, भगवंत एक छोटा शब्द वापरतात : अभ्यास. म्हणजे हे वरच्या प्रतीचं सुख एकदम मिळत नाही, सवयीने त्यात मन रमायला लागतं.

लक्षात घ्या, गीता सुखाच्या विरोधात नाही. कुठलं सुख कुठे नेऊन सोडतं, एवढंच ती विचारते.

आता आपल्या आयुष्याकडे बघू या. आमच्या पिंपळे सौदागरला काय नाही? कोथिंबिरीची जुडी दहा मिनिटांत दारात येते. लिफ्ट आहे, एसी आहे. कोकणे चौकात उतरून दोन पावलं चालायचं तर आपण रिक्षा बघतो. मी हे हिणवून बोलत नाही, मी स्वतः हे सगळं वापरतो. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. प्रत्येक सोय आल्यावर चार दिवस आनंद देते. पाचव्या दिवसापासून ती आनंद द्यायचं थांबवते आणि नसली की त्रास द्यायला लागते. डिलिव्हरी दहाऐवजी पंचवीस मिनिटांत आली, तर आपल्याला राग येतो. पंचवीस मिनिटांत घरी भाजी! आपल्या आजीला हे सांगितलं असतं तर तिने हात जोडले असते. आणि आपण एक स्टार देऊन मोकळे होतो.

सुरुवातीला अमृत, शेवटी विष म्हणतात ते हेच.

शरीराचंही तसंच आहे. अंतराळात वजनच जाणवत नाही, म्हणजे हाडांना भार उचलावाच लागत नाही. किती आराम वाटेल ना? प्रत्यक्षात तिथे अंतराळवीरांच्या भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला साधारण 1 ते 1.5 टक्क्याने कमी होते. म्हणून अंतराळ स्थानकात त्यांना रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. भार काढून घेतला की हाड विसावत नाही, ते झिजतं. मला वाटतं, मनाचंही तसंच होतं. माझं झालं होतं.

मग मी काय केलं? आधी चूक केली

आप्पा घरी आले आणि मी ठरवलं, आता कणखर व्हायचं. इंटरनेटवर सल्ल्यांना तोटा नाही. पहाटे साडेचारचा गजर, थंड पाण्याची आंघोळ, साखर बंद, दर आठवड्याला कडक उपवास. एकवीस दिवसांचं चॅलेंज. रोज पहाटे स्टेटस : "दिवस सातवा." "दिवस अकरावा." खाली मित्रांचे अंगठे आणि ज्वाळा.

बाराव्या दिवशी उपवास होता. संध्याकाळी मुलीच्या हातून दूध सांडलं आणि मी तिच्यावर असा ओरडलो, की ती आईच्या मागे जाऊन लपली. बायको शांतपणे म्हणाली, "उपवास तुझा आणि चटके आम्हाला. असलं तप काय कामाचं?"

मला राग आला, कारण ती बरोबर होती.

त्या रात्री गीतेचा सतरावा अध्याय वाचला. आधीही वाचला होता, पण त्या दिवशी तो माझ्याशी बोलला. भगवंत म्हणतात, काही जण दंभाने आणि अहंकाराने घोर तप करतात. ते शरीराला तर छळतातच, पण त्या शरीरात बसलेल्या मलाही छळतात. पुढे अठराव्या श्लोकात सांगतात, सत्कार मिळावा, मान मिळावा म्हणून केलेलं तप राजस. ते चंचल असतं, टिकत नाही.

माझं चॅलेंज तेराव्या दिवशी बंद पडलं. चंचल म्हणजे काय, ते मला वेगळं शिकावं लागलं नाही.

आणि खरं तप कुठलं? तिथेच यादी आहे, आणि ती वाचून मी चकित झालो. शरीराच्या तपात पूज्य माणसांचा आदर आहे, स्वच्छता आहे, सरळपणा आहे, अहिंसा आहे. वाणीच्या तपात दुसऱ्याला न बोचणारं, खरं आणि हिताचं बोलणं आहे. मनाच्या तपात प्रसन्नता आहे, सौम्यपणा आहे. थंड पाण्याचा कुठे उल्लेखही नाही! म्हणजे मुलीच्या हातून दूध सांडल्यावर सौम्य राहणं, हे त्या दिवशीचं माझं खरं तप होतं. परीक्षेचा पेपर समोर होता आणि मी उपवासाच्या कौतुकात बसलो होतो.

वारी : दिशा असलेली गैरसोय

आपल्या भागात राहणाऱ्यांना याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही.

पिंपळे सौदागरला वळसा घालणारी पवना नदी आधी चिंचवडवरून येते. तिथे काठावर मोरया गोसावींची समाधी आहे. परंपरा सांगते की मोरया गोसावी चिंचवडहून मोरगावला मयूरेश्वराच्या दर्शनाला नेमाने जात. पुढे वय झालं, वाट झेपेना. तेव्हा देवाने सांगितलं, आता तू येऊ नकोस, मीच येतो. आजही भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून मोरगावला पालखी जाते. मला या कथेतलं एक आवडतं. देव त्यांच्याकडे आला तो वाट झेपेनाशी झाल्यावर. म्हणजे कष्ट ही देवाने लावलेली अट नव्हती. चालणं हे भक्ताच्या ओढीचं रूप होतं. ओढ कायम राहिली, म्हणून चालणं थांबल्यावरही भेट झाली.

आणि पंढरीची वारी तर आपल्या दारावरून जाते. तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघते, आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पिंपरी, कासारवाडी, दापोडी करत पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात पोचते. महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 साली हा पालखी सोहळा सुरू केला असं मानतात. तेव्हा रस्ते कसले होते, विचार करा. आज बस पंढरपूरला एका दिवसात नेऊन परत आणते. तरीही लाखो माणसं दोन-अडीच आठवडे चालतात. सोय असताना चालतात, हे महत्त्वाचं. ही निवडलेली गैरसोय आहे.

गेल्या वर्षी मी आकुर्डी ते पुणे चाललो. वीसेक किलोमीटर. नवे कोरे महागडे बूट घातले होते. कासारवाडीपर्यंत डाव्या टाचेला फोड आला. मी पुलाच्या सावलीत बूट काढून बसलो. शेजारी एक आजी टेकल्या होत्या, डोक्यावरचं तुळशीवृंदावन बाजूला ठेवून. पायात साधी रबरी चप्पल. त्यांनी माझ्या टाचेकडे बघितलं आणि पिशवीतून सुईदोरा काढला. फोडातून दोरा कसा ओवायचा, पाणी कसं काढायचं, हे वारकऱ्यांना पाठ असतं. त्या म्हणाल्या, "माउली, घाबरू नका. पहिल्या वर्षी सगळ्यांनाच होतं."

मी विचारलं, "आजी, तुम्हाला त्रास नाही होत?"

"होतो की," त्या म्हणाल्या. "पण माझा पाय दुखला म्हणून तर तुमचा दिसला."

मंडळी, एवढंच आजचं चिंतन आहे. पुढचं सगळं या वाक्याचाच विस्तार समजा.

गैरसोयीची कसोटी

त्या वाक्यावर मी वर्षभर विचार करतोय. गैरसोय मुद्दाम स्वीकारायची कशासाठी? कणखर दिसायला नाही. शरीर छळायला तर नाहीच. दुसऱ्याचा दुखरा पाय दिसावा म्हणून. आणि तो दिसल्यावर आपल्याला जागेवर टिकता यावं म्हणून.

तुकाराम महाराजांचं चरित्र या दृष्टीने बघा. 1630 च्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले, व्यवसाय बुडाला. ही गैरसोय त्यांनी निवडली नव्हती, ती कोसळली होती. पुढे ते भंडारा डोंगरावर, भामचंद्राच्या डोंगरावर एकांतात जाऊन बसले. हे त्यांनी निवडलं. चाकणजवळचा भामचंद्र आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कंपनीत जाता-येता लांबून बघितला असेल. त्याच्या पायथ्याच्या गावांपर्यंत आता एमआयडीसी पोचली आहे. एकांतातून महाराज कसे परतले? चरित्रकार सांगतात, लोकांना दिलेल्या कर्जाची कागदपत्रं त्यांनी इंद्रायणीत बुडवली. भावाचा अर्धा वाटा त्याला देऊन, फक्त स्वतःच्या वाट्याची. भावाच्या संसाराला धक्का लावून त्यांनी वैराग्य मिरवलं नाही. डोंगरावरच्या तपाचं फळ म्हणजे गावातल्या गरीब माणसाच्या डोक्यावरचा भार उतरला.

यातून माझ्यापुरती एक कसोटी मिळाली. मी सोसलेल्या त्रासाने दुसऱ्या कुणाचा भार हलका झाला का? निदान घरच्यांशी माझं बोलणं मऊ झालं का? झालं असेल तर ते तप. उलट माझ्या तपाचा भार दुसऱ्यावर पडत असेल, तर ते चॅलेंज, आणि चॅलेंज तेराव्या दिवशी बंद पडतं.

इथे एक सावधगिरीही हवी. आमच्या सोसायटीत घरकामाला येणाऱ्या मावशी पहाटे उठून, घरचा स्वयंपाक उरकून, चालत येतात. वॉचमनकाका बारा तास खुर्चीवर असतात. त्यांना कुणी "कम्फर्ट झोनमधून बाहेर या" असं सांगत नाही, कारण त्या झोनमध्ये त्यांना कुणी घेतलंच नव्हतं. आपण गैरसोय निवडू शकतो हेच आपलं भाग्य आहे. ज्याच्यावर ती लादली गेली आहे त्याला सहनशीलतेचा उपदेश करायचा नसतो. त्याची गैरसोय कमी करायची असते. गीतेतली तितिक्षा, म्हणजे थंडी-ऊन, सुख-दुःख येतं-जातं हे ओळखून सोसणं, ती मी माझ्यासाठी ठेवायची. दुसऱ्यासाठी करुणा ठेवायची. यांची अदलाबदल झाली की धर्म निष्ठुर होतो.

या आठवड्याचा अभ्यास

मोठं काही नको. अठराव्या अध्यायातला तो शब्द आठवा : अभ्यास. खालच्यापैकी एकच निवडा, आणि स्टेटस टाकू नका.

एक. रोज एक सोय स्वखुशीने सोडा. भाजी ॲपवर न मागवता चालत जाऊन आणा. भाजीवाल्या ताईंशी दोन शब्द बोला. पाऊस असेल तर छत्री घेऊन जा, पण जा.

दोन. रांगेत, सिग्नलला, लिफ्टची वाट बघताना फोन खिशात ठेवा आणि मनात नाम घ्या. पहिले दोन दिवस हात आपोआप खिशाकडे जाईल. ती अस्वस्थता म्हणजे कडू सुरुवात. तिला घाबरू नका.

तीन. एकादशी करत असाल तर ती खरंच करा. आपल्याकडे "एकादशी आणि दुप्पट खाशी" म्हणतात ते उगाच नाही. साबुदाणा, वेफर्स, बटाटा, वर रताळ्याचा हलवा, यात पोटाला कळतही नाही की आज काही वेगळं आहे. फक्त मधुमेह असेल, औषधं चालू असतील, गरोदर असाल, तर उपवास आणि थंड पाण्याचे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. सहाव्या अध्यायात भगवंतांनी आहार-विहार बेताचा ठेवायला सांगितलं आहे. अगदी न खाणाऱ्याला योग साधत नाही, असंही तिथेच आहे.

चार. जो फोन करायला जीभ उचलत नाही, तो करा. माफी मागायचा असेल, चौकशीचा असेल. आपल्या पिढीला जिने चढण्यापेक्षा हे जास्त जड जातं. वाणीचं तप म्हणतात ते हेच.

पाच. कुणासाठी तरी एक रात्र, एक तास, एक चक्कर. आणि ती करताना कुरकुर नाही. विवेकचूडामणीत तितिक्षेची व्याख्या करताना सांगितलंय, सोसायचं ते चिंता आणि विलाप न करता. "मी म्हणून थांबलो बरं का" हे ऐकवलं, की सोसलेलं सगळं पाण्यात.

शेवटचं

यंदा फेब्रुवारीत आप्पांना छातीत कफ झाला आणि पुन्हा ॲडमिट करावं लागलं. दवाखाना दुसरा, खुर्ची मात्र त्याच जातीची. ताईला मी घरूनच सांगितलं, "तू येऊ नकोस, मी आहे."

मी काही बदललेला महात्मा नव्हतो. बाराला पाठ दुखायला लागली. एकला वाटलं, जरा खाली गाडीत जाऊन पडावं. पण वर्षभर जिने चढताना, फोन खिशात ठेवून रांगेत उभं राहताना एक गोष्ट शिकलो होतो. नकोसं वाटणं ही एक लाट असते. ती येते. तिचं ऐकलं नाही तर ती जाते.

अडीचच्या सुमाराला आप्पांनी डोळे उघडले. म्हणाले, "झोप की जरा."

मी म्हटलं, "झोप नाही आली."

मग ते बोलायला लागले. भोसरीच्या कंपनीत तिसरी पाळी असायची, सकाळी सायकलवरून घरी यायचे, नाशिक फाट्याला चढ लागायचा, आणि हँडलला माझ्यासाठी जिलबीची पुडी बांधलेली असायची. ती पुडी मला आठवते. त्यामागे अख्खी जागलेली रात्र होती, हे मात्र चाळीस वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. त्यांनीही कधी ऐकवलं नव्हतं.

पहाटे त्यांनी कोमट पाणी मागितलं. मी दिलं. बस, एवढंच झालं.

पाठ दोन दिवस दुखली. पण अठराव्या अध्यायात अमृत म्हणतात ते काय असेल, याचा एक थेंब त्या खुर्चीवर मिळाला असं मला वाटतं.

आजचा प्रश्न स्वतःलाच विचारू या : माझ्या आयुष्यात अशी कुठली खुर्ची आहे, जिच्यावरून मी उठून आलोय?

उत्तर मनातच ठेवा. आणि जमलं तर आज जाऊन बसा.

उद्या भेटू, बाराव्या अध्यायातल्या भक्ताच्या लक्षणांपाशी.

राम कृष्ण हरी.